इंदूरच्या घरात, ग्रीनहाऊसशिवाय, बाटलीतली ऑर्किडची रोपं कशी वाढवायची

लॅबमध्ये बंद बाटलीत उगवलेली ऑर्किडची रोपं बाहेर काढल्यावर महिन्याभरात सडली नाहीतर वाळली, असं इतक्या जणांकडून ऐकलंय की आता सगळं क्रमाने लिहूनच टाकते. बहुतेकांचं म्हणणं असतं की आमच्याकडे ग्रीनहाऊस नाही, हवेत ह्युमिडिटी नाही, म्हणून गेली. मला ते पटत नाही. पाणी कमी पडून मरणारी रोपं थोडी, ओली हवा कोंडून मरणारी कितीतरी जास्त. त्यात चुकीच्या महिन्यात बाटली उघडायची आणि रोपं घरी आल्यावर मग ती ठेवायला डबा शोधायला निघायचं, म्हणजे झालंच. म्हणून या लेखाचा बराचसा भाग बाटली उघडायच्या आधीचा आहे, तो गाळून एकदम खाली जाऊ नका.

हिशोब सगळा इंदूरच्या हवेचा धरलाय. ग्वाल्हेरला उन्हाळा आणि थंडी दोन्ही जास्त कडक, बडोद्याला थंडी सौम्य, तिकडच्यांनी तारखा थोड्या मागेपुढे करून घ्याव्यात.

## १. काय घ्यायचं आणि कधी घ्यायचं

पहिली गोष्ट, ऑनलाइन मिळणारी "ऑर्किड बियांची" पुडी घेऊ नका. ऑर्किडचं बी अक्षरशः धुळीसारखं बारीक असतं, एका शेंगेत हजारो-लाखो, आणि त्या बीमध्ये अंकुराला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. जंगलात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीने उगवतं, लॅबमध्ये निर्जंतुक बाटलीत साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे एक प्रकारच्या जेलीवर, उगवतं. कुंडीत टाकून काहीही उगवत नाही. पुडीत मोहरीएवढे टपोरे दाणे असतील तर ते ऑर्किडचे नाहीतच, विषय संपला.

घ्यायचं असतं ते तीनपैकी एक: बंद बाटली म्हणजे फ्लास्क, एकाच कुंडीत दाटीने लावलेली रोपं म्हणजे कॉमपॉट, किंवा छोट्या कुंडीतलं सुटं रोप. पहिल्यांदाच करत असाल तर माझं स्पष्ट मत, कॉमपॉट घ्या. फ्लास्क स्वस्त पडतो, एका बाटलीत वीस-पंचवीस रोपं येतात, पण सगळ्यात नाजूक पायरी तुमच्या गळ्यात पडते.

जात कुठली? घरातल्या उजेडासाठी फॅलेनॉप्सिस, आणि गरमी सोसणारा म्हणून डेंड्रोबियमचे फॅलेनॉप्सिस-टाइप हायब्रिड, ज्याला सगळे डेनफाल म्हणतात. ऑन्सिडियम पण चालतं. कॅटलियाला धीर लागतो, बाटलीपासून फुलापर्यंत चार-पाच वर्षं किंवा जास्तसुद्धा, तर फॅलेनॉप्सिस आणि डेनफाल साधारण दोन-तीन वर्षांत येतात. व्हँडाला घरातला उजेड पुरत नाही. सिंबिडियम आणि मॅस्डेव्हेलिया थंड हवेतले, फोटो कितीही गोड असो, सोडून द्या. आणि कोणी "जंगलातून आणलंय" म्हणून विकत असेल तर घेऊ नका, निळा व्हँडा, लाल व्हँडा आणि पॅफिओपेडिलम हे आपल्याकडे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

आता महिना. इंदूरमध्ये फ्लास्क उघडायची बेस्ट वेळ म्हणजे पाऊस नीट लागल्यावर, जूनचा शेवट ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा. हवा आपोआप दमट, तापमान २४ ते ३० च्या आसपास, आणि थंडी यायच्या आधी रोपांना चार महिने मिळतात. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत फ्लास्क मागवूच नका, लू चालू असताना बाटली कुरियरच्या गाडीत शिजून येते. नोव्हेंबर ते जानेवारी पण नको, रोपं जगली तरी नवीन मूळ काढत नाहीत, नुसती बसून राहतात आणि मग एकेक करून सडतात.

थांबा, हे बघा: ऑर्डर द्यायच्या आधी पुढच्या दोन टप्प्यांतलं सगळं सामान घरात असायला हवं, आणि डबा रिकामा असतानाच आठवडाभर चालवून बघितलेला हवा.

## २. डबा, पंखा, उजेड

ग्रीनहाऊस म्हणजे तरी काय, हवेचा ओलावा धरून ठेवणारी आणि त्याच वेळी हवा फिरवणारी जागा. हे दोन्ही चाळीस-पन्नास लिटरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या झाकणवाल्या डब्यात होतं, गरम कपडे ठेवायला मिळतो ना तोच. सियागंजात फिरलात तर तीन आकार सापडतील, त्यातला उंचीला निदान ३० सेंमी असेल तो घ्या.

डब्याच्या दोन्ही अरुंद बाजूंना, एकीकडे खाली आणि दुसरीकडे वर, बोट जाईल एवढी चार-चार भोकं पाडा. गरम केलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने पडतात, खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो. तळाला तीन सेंमी जाड धुतलेली खडी किंवा लेका (भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या), त्यावर प्लॅस्टिकची जाळी, आणि कुंड्या जाळीवर. पाणी खडीत राहील, कुंडीचा बूड पाण्यात कधीच नाही.

पंख्याशिवाय हा डबा म्हणजे सडवायची पेटी आहे, हे मी जरा जोरात सांगतेय कारण सगळे हाच भाग टाळतात. जुन्या कॉम्प्युटरचा ८० मिमीचा पंखा घ्या, तो १२ व्होल्टचा असतो पण ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर बहुतेक पंखे हळूहळू फिरतात आणि आपल्याला तेवढंच हवंय. झाकणाच्या आतून लावा, वारा समोरच्या भिंतीवर आपटून फिरला पाहिजे, सरळ रोपांवर नको. आणि पंखा चोवीस तास. रात्री बंद करायचा मोह होतो, पण फॅलेनॉप्सिस, कॅटलिया आणि जाड पानांचे बरेचसे डेंड्रोबियम आपली पानांची छिद्रं मुख्यतः रात्रीच उघडतात, म्हणजे हवा हवीय ती नेमकी तेव्हाच. शिवाय रात्री गारवा आला की डब्यात दव पडतं आणि रोपाच्या गाभ्यात पाणी साचतं.

उजेडासाठी खिडकीवर अवलंबून राहू नका. पूर्वेची खिडकी असेल तर पडद्याआडून चालते, पश्चिमेची एप्रिल-मेमध्ये जीव घेते, उत्तरेची हिवाळ्यात पुरत नाही. महारानी रोडला २० वॅटचे चार फुटी एलईडी बॅटन मिळतात, पांढऱ्या ६५०० केल्विनचे दोन घ्या, शेजारी-शेजारी लावा, रोपांपासून साधारण २० सेंमी वर. जांभळे ग्रो-लाइट लागत नाहीत, उलट त्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही आणि रोग उशिरा कळतो. बॅटन डब्याच्या बाहेर, झाकणाच्या वर, म्हणजे त्याची गरमी आत जात नाही. झाकण दुधी असेल तर उजेड खातं, पारदर्शकच बघून घ्या.

मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेड, मोजायचं अॅप टाका, अगदी अचूक नसतं पण कामापुरतं चालतं. बाटलीतून नुकत्या निघालेल्या रोपांना ३,००० ते ५,००० लक्स, दोन-तीन महिन्यांनी वाढवत ८,००० ते १०,०००. टायमर लावून दिवसाला १३ तास. हाताने बटन दाबू म्हणाल तर लग्नाला खंडव्याला गेलात की रोपं दोन दिवस अंधारात. आणि रात्री खरा अंधार हवा, दिवाणखान्यात बारा वाजेपर्यंत टीव्ही-लाइट चालू असेल तर डबा दुसऱ्या खोलीत ठेवा.

तपासणी, मीटर खरं बोलतंय का: दीडशे-दोनशे रुपयांचं ह्युमिडिटी मीटर दहा टक्के खोटं बोलू शकतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून ओलं करा, विरघळू देऊ नका, ते झाकण आणि मीटर एका झिप-लॉक पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के दिसलं पाहिजे. ६८ दाखवत असेल तर सात मिळवून वाचायचं, एवढंच.

रिकाम्या डब्यात आठवडाभर सकाळ-दुपार-रात्र आकडे बघा. दिवसा २४ ते ३०, रात्री २० च्या वर, ह्युमिडिटी ६५ ते ८५ मध्ये. दुपारी ३३ च्या वर जात असेल तर डब्याची जागा बदला, रोपं आल्यावर नाही, आत्ताच.

## ३. मॉस, साल, कोळसा आणि पाणी

मातीचं नाव काढू नका. आपली काळी माती तर नाहीच, नर्सरीतलं "ऑर्किड मिक्स" म्हणून मिळणारं कोकोपीट पण नाही, ते गच्च बसतं आणि मुळं गुदमरतात.

पहिल्या सहा-आठ महिन्यांसाठी स्फॅग्नम मॉस, म्हणजे एक प्रकारचं शेवाळ, वाळवलेला, लांब धाग्यांचा, न्यूझीलंड किंवा चिलीचा. महाग वाटतो पण एका बाटलीच्या रोपांना मूठ-दोन मूठ लागतो. हिरवट, धूळभरला, चुरा झालेला स्वस्त मॉस नको, तो चार महिन्यांत कुजतो. अर्धा तास पाण्यात भिजवा, मग पिळा. किती पिळायचा हे इंदूरकराला सांगायची गरज नाही: पोहे धुऊन निथळल्यावर जसे ओले पण मोकळे असतात तसा. मुठीत दाबल्यावर थेंब पडत असेल तर अजून पिळा.

तळाला आणि मोठ्या रोपांसाठी लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे, धुऊन, राख-धूळ काढून. पाइनची साल मिळाली तर उत्तम. नारळाच्या सोडणाचे तुकडे पण चालतात पण त्यात क्षार असतात, तीन दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला, शेवटच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) तुमच्या साध्या पाण्याच्या जवळ आला की झालं.

पाण्याचं मात्र जरा मन लावून वाचा. बोरिंगचं पाणी रोपांना देऊ नका, बऱ्याच कॉलन्यांमध्ये इतकं जड आहे की गीझरची कॉइल पांढरी होते, मुळांचं काय होत असेल. नर्मदेचं त्या मानाने बरं, पण टंकीत बोरिंग आणि नर्मदा एकत्र होत असेल तर त्याला नर्मदेचं म्हणू नका. टीडीएस मीटर घ्या. देताना पाणी ८० ते १२० पीपीएममध्ये असावं. नुसतं आरओचं पाणी पण बरोबर नाही कारण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं, आरओ तीन भाग आणि नर्मदेचं एक भाग असं मिसळून मोजा. पावसाळ्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी धरा, पहिले दोन पाऊस सोडून. एसीचं पाणी टीडीएसला छान दिसतं पण ते तांब्याच्या नळ्यांवरून आणि वर्षभराच्या धुळीवरून येतं, मी देत नाही.

## ४. बाटली आली, आता घाई नको

कुरियर उघडल्यावर बाटली बघा. अगार जागेवर आहे, रोपं उभी आहेत? मग बाटली न उघडता डब्याजवळ, त्याच एलईडीच्या उजेडात पण थोडी बाजूला, चार-पाच दिवस ठेवा. उन्हात ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही, बंद काचेत तापमान झपाट्याने चढतं.

अगार फुटून रोपं उलटीपालटी झालीत? मग दोन दिवसांत उघडा. आत पांढरी-काळी कापसासारखी बुरशी दिसतेय? आजच उघडा.

उघडायचा दिवस सकाळचा निवडा, रविवारचा, जेव्हा दोन तास कोणी हाक मारणार नाही. ओट्यावर वर्तमानपत्र, दोन उथळ टब, मऊ रंगाचा ब्रश, चिमटा, मॉस, कुंड्या, लेबलं. लेबल म्हणजे दह्याच्या डब्याची कापलेली पट्टी, आणि त्यावर पेन्सिलने लिहा, मार्कर वर्षभरात पुसला जातो आणि मग कुठला कोण, काही कळत नाही.

## ५. काढणे, धुणे, लावणे

तोंड रुंद असेल तर बाटलीत खोलीच्या तापमानाचं पाणी घाला, हलकेच गोल फिरवा, अगार सुटला की सगळं टबात ओता. तोंड अरुंद असेल तर ओढाओढी नको, बाटली चार पदरी वर्तमानपत्रात गुंडाळा, आडवी ठेवून बुडाजवळ हातोडीची एक टिचकी, मग काचा बाजूला करून गोळा अख्खा उचला. हातमोजे आणि पायात चपला, ओट्याखाली काच उडतेच.

आता धुणं. मुळांना चिकटलेला अगार म्हणजे साखर, ती राहिली की तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. टबातल्या पाण्यात रोप पानांपाशी धरा, मुळं पाण्यात लोंबू द्या, आणि ब्रश वरून खाली असा फिरवा. अगार पारदर्शक असल्यामुळे पाण्यात दिसत नाही, बोटांना बुळबुळीत लागतो. बोट सरकायचं थांबलं की रोप स्वच्छ. मुळं एकमेकांत गुंतली असतील तर पाण्यातच सोडवा, एखादं तुटलं तर तुटू द्या, गुंता घेऊन लावण्यापेक्षा ते बरं. नाहीतरी अगारमधली जुनी मुळं पुढे फारशी कामाला येत नाहीत, रोप जगतं ते नव्या मुळांवर.

दुसऱ्या टबात बुरशीनाशक: कॅप्टान, किंवा कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबची मिश्र पावडर, लिटरला १ ग्रॅम. रोपं पाच मिनिटं बुडवा, काढून टिश्यूवर पसरा, पानांवरचं पाणी सुकेपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं. हा टब आणि चमचा परत स्वयंपाकघरात नाही. डेंड्रोबियमला तांबंवाली औषधं, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड वगैरे, वापरू नका, पानं जळतात.

मग वाटणी करा: मोठी, मधली, बारीक. एकत्र लावलीत तर मोठी रोपं बारक्यांना झाकतात. एक सेंमीपेक्षा लहान रोपांपैकी बहुतेक जात नाहीत पुढे, त्यांना वेगळ्या कुंडीत लावा आणि फार आशा धरू नका.

लावायचं चार-पाच इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत, मातीच्या नाही, ती पाणी शोषून घेते. तळाला तिसरा हिस्सा कोळसा. एका रोपाच्या मुळांभोवती मॉसचा सैल वेढा, तो कडेला उभा, मग दुसरा, अशी कडेकडून आत. कुंडीत पंधरा-वीस रोपं बसतात. मॉस दाबून भरायचा नाही, कुंडी उलटी केली तर रोपं पडणार नाहीत इतपतच.

सगळ्यात जास्त होणारी चूक: रोप पडतंय म्हणून गाभ्यापर्यंत मॉसमध्ये पुरणं. पानं जिथून फुटतात तो भाग मॉसच्या वर दिसलाच पाहिजे. पडत असेल तर काडीचा आधार द्या, पुरू नका.

## ६. पहिले चार आठवडे, इथेच खेळ जिंकतात किंवा हरतात

बाटलीत जवळजवळ शंभर टक्के ओलावा होता. तिथे वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि छिद्रं नीट बंद होत नाहीत, म्हणून बाहेर काढल्यावर रोप एका दुपारीत लोळतं. ह्याच्यावर लोक दोन टोकं करतात. एक तर उघड्यावर ठेवून दिवसातून आठ वेळा स्प्रे, नाहीतर डबा गच्च बंद करून महिनाभर उघडायचाच नाही. पहिल्यात वाळतात, दुसऱ्यात सडतात.

करायचं असं:

पहिला आठवडा झाकण पूर्ण बंद, फक्त भोकं उघडी, पंखा चालू, ह्युमिडिटी ८५ च्या आसपास. लावल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाणी नाही, मॉसमध्ये आहे तेवढं पुष्कळ. दुसऱ्या आठवड्यात झाकणाखाली पेन्सिल अडकवून फट. तिसऱ्यात दोन बोटं फट, ८० ते ७५. चौथ्यात दिवसा झाकण अर्धं उघडं, रात्री फट ठेवून बंद. पावसाळ्याची झड लागली असेल तर ह्याहून लवकर उघडा, बाहेरच ८५ असताना आत अजून साठवून काय करायचंय.

आकड्यांपेक्षा भिंतीवरचं पाणी बघा. सकाळी लाइट लागताना डब्याच्या भिंतीवर धुकं असणार, ते तास-दोन तासांत गेलं पाहिजे. दुपारी बारालासुद्धा थेंब ओघळत असतील तर हवा फिरत नाहीये, फट वाढवा किंवा पंख्याची दिशा बदला. आणि धुकं अजिबातच नसेल, पानं सुरकुतत असतील, तर एक पायरी मागे या, दोन दिवस झाकण बंद.

खालचं एखाद-दुसरं पान पिवळं पडून गळेल, त्याला घाबरू नका. ते चिमट्याने काढून टाका, आत पडू देऊ नका. घाबरायचं ते गाभ्याशी पाणीदार, काचेसारखा डाग दिसला तर.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बुडाशी हिरव्या किंवा किरमिजी टोकाचं टोकदार काहीतरी डोकावतं. नवीन मूळ. हे दिसेपर्यंत खताची पुडी कपाटात राहू द्या.

घरातल्या मोठ्या माणसांना आधीच सांगून ठेवा, तुळशीला पाणी घालताना यांना घालायचं नाही. आमच्याकडे तसा कागदच चिकटवलाय डब्यावर.

## ७. पाणी आणि खत

पाणी नेहमी सकाळी, दहाच्या आत. कधी द्यायचं हे वार ठरवून नाही, कुंडी उचलून ठरवायचं. ओला मॉस गडद दिसतो आणि कुंडी जड लागते, वाळत आला की वरचे धागे फिकट होतात आणि बोटाला जरा कडक लागतात. तेव्हा द्या, ड्रॉपरने किंवा बारीक तोंडाच्या बाटलीने, कुंडीच्या कडेने, खालून निथळेपर्यंत. गाभ्यात थेंब राहिला तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. फॅलेनॉप्सिसचं मूळ चांदीसारखं दिसलं म्हणजे कोरडं, हिरवं म्हणजे ओलं, त्याच्याइतका सोपा मीटर नाही.

स्प्रेची बाटली खडीवर आणि भिंतींवर मारायला ठेवा, रोपांवर नाही.

खत पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पाव ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही म्हणून १० ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवून ठेवा, आणि त्यातलं २५ मिली एक लिटर पाण्यात घाला, झाला पाव ग्रॅम. त्यात कॅल्शियम नसतं, म्हणून दर चौथ्या वेळी त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट, लिटरला पाव ग्रॅमच. दोन्ही घट्ट द्रावणं एका बाटलीत मिसळू नका, खाली पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुवा, साचलेले क्षार निघून जातात. खत कधीच वाळलेल्या मॉसवर नाही, आधी थोडं साधं पाणी, मग खत.

तांदळाचं पाणी, चहाचा चोथा, ताक, केळ्याच्या सालीचं पाणी, यातलं काहीही नाही. गुलाबाला घाला खुशाल. बंद डब्यात त्याने फक्त चिलटं आणि बुरशी वाढते.

## ८. थंडी आणि उन्हाळा

थंडीत इंदूरच्या रात्री दहाच्या आसपास किंवा खालीही जातात, आणि बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेला डबा पहाटे १५-१६ वर येतो. फॅलेनॉप्सिसच्या पिल्लांना १८ च्या खाली नको. दिवाळीनंतर डबा आतल्या भिंतीशी आणा, जमिनीवरून वर उचला, खाली थर्मोकोल. रूम हीटर आणि ब्लोअर त्या खोलीत लावलात तर हवा कोरडी ठक्क होते, त्यापेक्षा माझ्या मते जुना फिश-टँक बरा: तळाला सात-आठ सेंमी पाणी, त्यात पूर्ण बुडेल असा आडवा ठेवलेला २५-५० वॅटचा अॅक्वेरियम हीटर, पाण्याच्या वर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवर जाळी, जाळीवर कुंड्या. ऊब आणि ओलावा दोन्ही खालून मिळतात.

सावधान: हीटरचा कुठलाही भाग पाण्याबाहेर राहिला तर काच तडकते, म्हणून पाण्याची पातळी रोज बघा. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढा, नुसतं बटन बंद करून नाही. आणि वायर सॉकेटकडे जाताना एकदा खाली लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता तिथूनच खाली टपकतं.

थंडीत पाणी कमी, खत पंधरा दिवसांतून एकदा. पण मोठ्या डेंड्रोबियमला देतात तशी कोरडी विश्रांती पिल्लांना देऊ नका, त्यांना वाढू द्यायचं असतं.

उन्हाळ्यात उलटं. एप्रिल-मेमध्ये दुपारी घराबाहेरची हवा इतकी कोरडी असते की उघड्या डब्यातला मॉस एका दिवसात वाळतो. कूलर असलेली खोली या रोपांना फार मानवते, गारवा, ओलावा आणि हवा एकदम. डबा कूलरच्या समोर नको, त्याच खोलीत बाजूला, आणि झाकण परत दोन बोटं फटीवर. कूलरचे तुषार डब्यापर्यंत येत असतील तर लांब सरकवा, त्या पाण्यात क्षार असतात आणि पानांवर पांढरे ठिपके पडतात. एसीच्या खोलीत मात्र हवा कोरडी होते, तिथे ठेवायचंच तर झाकण बंद. लाइटचा टायमर पहाटे पाचपासून लावा, म्हणजे संध्याकाळी सहाला बॅटन बंद होतात आणि त्यानंतर त्यांची गरमी मिळत नाही. लाइट गेली आणि पंखा तासाच्या वर बंद राहणार असेल तर झाकण काढून टाका, थोडं वाळलेलं परवडतं.

## ९. बिघडलं तर

गाभ्यातून काळं पडून रोप सहज उपटून हातात येतंय, ही बुरशीची सड. ते रोप आणि आजूबाजूचा मॉस चमच्याने काढून फेका, बाकीच्यांना बुरशीनाशक, दोन दिवस झाकण उघडं, पाणी बंद. पान पाणीदार तपकिरी होऊन वास येतोय, तर तो जिवाणू, एका रात्रीत पसरतो, दया न करता काढा आणि चिमटा स्पिरिटने पुसा. कापलेल्या पानावर दालचिनीची पूड चालते, मुळांवर नको, मुळं सुकवते.

मॉसवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर ओल जास्त आहे, पिवळे चिकट कागद लावा आणि पाणी लांबवा. पावसाळ्यात मॉसमधून बारीक गोगलगायी येतात, रात्री दहाला टॉर्च घेऊन बघा, नव्या मुळाचं टोक खाल्लेलं दिसलं तर ह्याच. उन्हाळ्यात पानांच्या मागे चंदेरी धूळ दिसली तर कोळी नावाची बारीक कीड, ओल्या कापसाने पुसा, दर चार दिवसांनी, तीन वेळा.

## १०. सुट्या कुंडीत

पानाच्या टोकापासून टोकापर्यंत पाच-सहा सेंमी झालं किंवा कुंडीत गर्दी झाली की सुटं करायचं, पण महिना परत पावसाळ्याचाच बघा. म्हणजे जुलैमध्ये लावलेली पुढच्या जुलैमध्ये. आधी जागा अपुरी वाटली तरी डिसेंबरात हात लावू नका.

कुंडी दोन इंची, त्यापेक्षा मोठी नाही. "पुढे वाढणारच आहे" म्हणून चार इंचीत लावलेलं रोप मधल्या ओल्या मॉसमध्ये सडतं. फॅलेनॉप्सिसला मॉस आणि बारीक साल अर्धी-अर्धी, डेनफालला कोळसा आणि साल जास्त, मॉस नावाला. पहिले पंधरा दिवस डब्यात, झाकण अर्धं उघडं, खत नाही. नवीन मूळ कुंडीच्या भिंतीला टेकलेलं दिसलं की डब्याबाहेर, बॅटनखालच्या फळीवर, खाली खडी-पाण्याचा ट्रे ठेवून. तिथे ह्युमिडिटी ५५-६० मिळाली तरी आता त्यांना पुरते. डेनफालला दिवाळीपर्यंत हळूहळू पूर्वेच्या खिडकीत सरकवा, आठवड्याला हातभर असं, आणि पानं लालसर व्हायला लागली की तिथेच थांबा. साडेतीन इंची कुंडी त्याच्या पुढच्या पावसाळ्यात.